खानावळ उघडीच ठेवली

बुडापेस्ट
२३ डिसेंबर

बबे,

आधी चुलीवरची डाळ उतर, मग वाच. तू वाचत बसलीस की डाळ बुडाला लागती, हे मला इथून बी दिसायलंय.

पोचले. कागदावर लिहून सहलवाल्या नागेशच्या फोनवरून फोटो पाठवायलेय. फोनवर अक्षरं बडवणं मला जमत न्हाई. अन् बोलून पाठवलं तर तू ते खानावळीतच वाजवशील, मग निम्मे ड्रायव्हर माझा आवाज तोंडी लावून जेवतील. घरातलं बोलणं फाट्यावर नको. तू बी असंच लिहून फोटो टाक. तुझी आठवी झालीय, माझी चौथी. चुका मी करीन, तू करायच्या न्हाईत.

नागेशनं 'युरोप' म्हणलं तवा मला वाटलं एखादं गाव असंल. निघाले पाच देश. सहलीची सगळी माणसं परभणी-सेलूकडची, भाकरी पोटात गेल्याबगर त्यांना काहीच दिसत न्हाई, म्हणून सैपाकाच्या बोलीवर मला कमी पैशात आणलं. ऐन थंडीत कामून आणलं तर स्वस्त पडतं म्हणून. या दिवसांत कुणी शहाणं माणूस हिकडं फिरकत न्हाई. राहायला हॉटेल न्हाई, पोरापोरींच्या वसतिगृहासारखं हाय, एकावर एक खाटा. खाली मी, वर सेलूच्या एक रिटायर मास्तरीणबाई. त्या कूस बदलल्या की मला भूकंप होतो.

आभाळातून पडायलंय ते पाऊस न्हाई अन् बर्फ बी न्हाई. नासलेल्या दुधासारखं काहीतरी पडायलंय. गावाच्या मधून लय मोठी नदी जाती. अलीकडं बुडा अन् पलीकडं पेस्ट, असं नागेश म्हणला. धुक्यामुळं पलीकडचं काहीच दिसलं न्हाई. पैसे मातर दोन्हीचे घेतलेत.

आता कामाचं ऐक. सात तारखेच्या बैठकीचा घोर लावून घेऊ नको. मी पाचला घरी हाय. तुझ्या सासरची चुडाव्याची माणसं येऊ दे, आपल्या भावाला, भागवतला, त्यांच्या बाजूनं बोलायचं ते बोलू दे. ज्या माणसानं तीन सालामागं चुलीतलं लाकूड काढून तुला हाणलं, त्याच्याकडं तुला नांदायला पाठवायचं का न्हाई ते मी सांगीन. तू फक्त माझ्यामागं बसायचं. तुला चार माणसांत बोलायला येत न्हाई, घसा दाटतो तुझा. म्हणून मीच बोलीन.

भाकरीचं पीठ जुनं वापरू नको. उधारी कुणालाच न्हाई.

मालन


देवगाव फाटा
२५ डिसेंबर

आक्का,

डाळ लागली न्हाई.

हिकडं बी थंडी लय पडलीय. सगुणाबाई सकाळी भाकरी थापायला येती तर आधी दहा मिनिटं हात चुलीपाशी धरती, मग पिठाला हात लावती. कापसाच्या गाड्या रातभर सेलूला जायलेत, ड्रायव्हर लोक पहाटेच येऊन दारात उभे ऱ्हातात. काहीतरी गरम द्या म्हणतात. मग मी सुशीला करायला लागले. चुरमुरे भिजवायचे, फोडणी द्यायची, वर शेंगदाण्याचा कूट. सूर्य वर यायच्या आत परात रिकामी होती. तुला विचारायचं राहून गेलं.

काल दादा आला होता. वैष्णवीला मानवतचं स्थळ आलंय. पाव्हणे विचारायलेत म्हणं, पोरीची आत्या नवऱ्याला सोडून फाट्यावर कामून ऱ्हाती. दादा म्हणला, बबे, तुझ्यापायी माझी पोरगी घरात ऱ्हाईल. मी त्याला चहा दिला, त्यानं बशीत ओतून पिला अन् जाताना म्हणला, आक्का हितं न्हाई ते बरंच झालं, तू तरी ऐकशील.

बजरंगनं दारू सोडली म्हणं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, चुलीपुढं बसवत न्हाई. त्यांना भाकरी करणारी पाहिजे, आक्का. ते मला कळतंय. पण दादापुढं तेवढं बी तोंडातून निघालं न्हाई.

तू पाचला नक्की येशील ना?

बबिता


प्राग
२९ डिसेंबर

बबे,

सुशीला कुणाला विचारून चालू केली? खानावळ जेवणाची हाय. सकाळी सुशीला खाल्लेला ड्रायव्हर दुपारी निम्मीच थाळी खाणार. मी येईपर्यंत नवीन काही करायचं न्हाई.

व्हिएन्ना झालं. तिथं राजाचा लय मोठा वाडा हाय, पण आत जायचं तिकीट नागेशच्या सहलीत न्हाई, म्हणून आमी बाहेरूनच राजा बघितला. वारा असा सुटला की मास्तरीणबाईंची छत्री उलटी होऊन काड्यांचा सांगाडा हातात ऱ्हायला. त्यांनी तो बी दिवसभर डोक्यावर धरला. म्हणल्या, सवय हाय.

सैपाकाची तकलीफ ऐक. वसतिगृहाच्या सैपाकघरात मी कढईत फोडणी टाकली अन् छतातनं भोंगा वाजायला लागला. सगळी माणसं, गोरी काळी, चादरी पांघरून बाहेर बर्फात. आगीचा बंब आला. बंबवाला आत येऊन कढईत वाकून बघायला लागला अन् शिंकला. नागेश माफी मागत सुटला. मी म्हणलं, माफी कशाची, मोहरी तडतडली, गाव जळलं न्हाई. तवापासून फोडणी बंद. कच्च्या तेलात तिखट कालवून खायलेत सगळे, अन् तोंडं मातर अशी करायलेत जसा बर्फ मीच पाडलाय.

हितं बर्फ खरा हाय. दिसायला कापसावाणी, पायाखाली काचेवाणी. एका जुन्या पुलावर सगळे फोटो काढायला गेले. मी बी गेले. जास्त काही न्हाई.

भागवतला सांग, वैष्णवीचं स्थळ तुझ्यावर लादायचं कारण न्हाई. न्हाई तर सांगू नको. तू सांगायला गेलीस तर रडशील अन् त्याला वाटंल तू कबूल झालीस. मी सांगीन. बैठकीत काय काय बोलायचं ते मी बसमधी जुळवायलेय. पयलं त्या लाकडाचं काढणार. मग बजरंगच्या आईला विचारणार की तवा तुमी कुठं होता. तुझ्या चुलत सासऱ्याला, बन्सीधर मामाला बी सोडणार न्हाई. चुडाव्यात त्यांचा शब्द चालतो, मंग त्यांनी तवा काय मिशी ओढत बसायचं होतं का?

इथून रातभर बसमधी, मग कोलोन, मग ॲमस्टरडॅम. तिथून विमान.

मालन


देवगाव फाटा
१ जानेवारी

आक्का,

तुझं अक्षर लय वाकडं आलंय. सहा ओळींनंतर कागदावरून खाली उतरायलंय. तुला काय झालंय? पुलावर जास्त काही न्हाई म्हंजे काय झालं?

सुशीला बंद केली होती. एकच दिवस. मग सेलूच्या जिनिंगवरचे दोघं जण सकाळी आले, म्हणले, ताई, आमी वाट वाकडी करून आलाव. मी चालू केली परत. दुपारच्या थाळ्या कमी झाल्या न्हाईत. तू आल्यावर बघ.

दादा परत आला होता. आता तो विचारतच न्हाई, सांगतो. म्हणला, बैठक नावाला हाय. माणसं सात तारखेला सकाळच्या गाडीनं सेलूला उतरतील, तिथून जीपनं फाट्यावर येतील. बॅग भरून ठेव. चारचौघांत त्यांचा मान राखायचा, अन् संध्याकाळच्या गाडीनं त्यांच्यासंगं जायचं. मी म्हणलं, आक्का येऊ दे. तो म्हणला, आक्काला लेकरं न्हाईत, तिला पोरीच्या लग्नाचं काय कळतंय.

हे लिहू का नको असं झालं होतं. पण तू विचारलंच असतंस.

दादा हे बोलला तवा माझा घसा दाटला न्हाई. रागानं बी न्हाई दाटला. तरी 'मी जाणार न्हाई' एवढं म्हणले न्हाई.

तू कधी येतीस ते कळव. विमानाचा नंबर न्हाई कळवला तरी चालंल, दिवस कळव.

बबिता


ॲमस्टरडॅम, विमानतळ
४ जानेवारी

बबे,

लक्ष देऊन वाच.

विमान रद्द झालं. काल बी रद्द, आज बी. बर्फ थांबायचं नाव घेईना. हजारो माणसं फरशीवर पडलीत. आपल्या बाजारात तुरीची पोती एकावर एक टाकतात तसं दिसायलंय. नागेश खिडकी-खिडकीला हिंडून आला, म्हणतो सात-आठच्या आधी कुणाचंच काही खरं न्हाई. मी त्याला म्हणलं मला सातला देवगाव फाट्यावर बैठक हाय. तो म्हणला, मावशी, हे मी त्यांना कसं सांगू? मी म्हणलं, तुला सांगता येत न्हाई तर मला तिकडं ने. नेलं. काऊंटरच्या पोरीला मी मराठीत सगळं सांगितलं, तुझं लाकूडसुद्धा. तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं मला एक घोंगडी अन् दोन सँडविच दिले. विमान काही दिलं न्हाई.

आता तू काय करायचं ते सांगते. सहाच्या संध्याकाळी खानावळीला कुलूप लाव. सगुणाबाईला सुट्टी दे. परभणीला मावशीकडं जा अन् मी येईपर्यंत तिथनं हलू नको. फोन बंद ठेव. माणसं येतील, कुलूप बघतील, बोंबलतील अन् जातील. बैठक मागं-पुढं होती, त्याला काही लागत न्हाई. मी आले की परत लावू. पण मी नसताना त्यांच्यापुढं तू तोंड उघडायचं न्हाई. 'हो' म्हणशील. मला म्हायती हाय. तू न्हाई म्हणायला तोंड उघडतीस अन् त्यातून हो निघतं.

अक्षराचं विचारलंस. पुलावर पडले. मनगट सुजलंय, मोडलं न्हाई. दवाखान्यात गेलं तर इथं किती घेतील म्हणून गेले न्हाई, मास्तरीणबाईंनी ओढणी फाडून बांधलं. कोलोनात काळं देऊळ बघितलं, लय उंच, वरचा निम्मा भाग ढगात. तिथं सैपाक बायांनी केला. मी खुर्चीवर बसून नुसती सांगत होते. भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या. पण सगळ्यांनी खाल्ल्या. एक बी उरली न्हाई, हे मला काही आवडलं न्हाई.

कुलूप. विसरू नको.

मालन


देवगाव फाटा
७ जानेवारी, रात्र

आक्का,

कुलूप लावलं न्हाई.

काल संध्याकाळी कडीला घातलं होतं. किल्ली फिरवायला गेले अन् रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या, ड्रायव्हर उतरून म्हणला, ताई, उद्या पहाटे चार जण येतो, जास्तीची सुशीला ठेवा. मी बरं म्हणलं. निघून गेलं तोंडातून. मग त्याला कुलूप कसं दाखवू? कुलूप काढून फळीवर ठेवलं. मला वाटतं मी ते निमित्तच शोधायले होते.

माणसं अकराच्या सुमाराला आली. बन्सीधर मामा, बजरंग, सासूबाई, त्यांच्या भावकीतले दोघं. दादा त्यांच्यासंगं जीपमधूनच उतरला. मी बाहेर बाजा टाकल्या, तांब्या-पेला ठेवला. सासूबाईंनी तांब्या हातानं सरकवला. म्हणल्या, सुनंनं बॅग हातात घेतल्याबगर हितलं पाणी घ्यायचं न्हाई. सगळ्यांनी मग हात आवरले. दादानं माझ्याकडं असं बघितलं जसं तांब्या मीच सरकवलाय.

बोलणं चालू झालं. दारू सोडली, शेतात विहीर झाली, आई थकली. मामा मधीच बजरंगला विचारायचे, परत हात उचलणार न्हाईस ना? तो मातीकडं बघून मान हालवायचा. दादा म्हणला, झालं तर मग, आमची काही ना न्हाई. मला कुणीच विचारलं न्हाई. मी आत गेले. सगुणाबाई ताप आला म्हणून आली नव्हती, गिऱ्हाईक बसलेलं, भाकऱ्या मलाच थापायच्या होत्या. दादा दारात येऊन म्हणला, बॅग कुठंय? मी तव्यावरची भाकरी पालथी केली. त्याच्याकडं पाठ होती. पाठ होती म्हणून असंल, पण आवाज निघाला, अन् मोठा निघाला.

"दादा, मला जायचं न्हाई. बॅग भरलेली न्हाई अन् मी भरणार बी न्हाई."

बाहेरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. गिऱ्हाईक बी खायचं थांबलं. दादा गोरामोरा झाला. मामा म्हणले, पोरीला जरा सबूर करू द्या, बसू आपण. मग बसले. एक वाजला, दीड वाजला. सासूबाई एकेक काढायल्या, मी भाकरी थापायले. जे बोलायचं ते झालं होतं. ते लोक पहाटे चुडाव्याहून निघालेले, पोटात चहाबगर काही न्हाई. पिठल्याचा वास बाहेर जायला लागला. मामांना शुगर हाय, त्यांचे हात कापायला लागले. मी ताट वाढून त्यांच्यापुढं नेलं, म्हणलं, मामा, भांडण असू द्या, तुमी जेवून घ्या. ते हात पुढं करणार तेवढ्यात बजरंग ताडकन उठला.

म्हणला, "हिच्या घरचं फुकट खायचं न्हाई. हॉटेलच हाय ना हे? पैसे देऊन खाऊ."

अन् गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसला. बाकीचे बी एकेक करून उठले. भूक लागली की बाकडं काय अन् बाज काय. सासूबाईंनी बी पदर सावरून ताट घेतलं. मी गिऱ्हाइकाला वाढते तसं वाढलं. पिठलं परत पाहिजे का विचारलं. भाकरी कमी पडू दिली न्हाई. बजरंगनं पाच खाल्ल्या.

हात धुऊन तो गल्ल्यापाशी आला, पाचशेची नोट टाकली. खाली न्हाई, माझ्या हातापुढं, आपटून. दादा बाजेवरूनच ओरडला, बबे, घेऊ नको. तो कामून ओरडला ते मला कळलं. बायकोच्या माहेरच्या माणसानं जेवू घातलं अन् जावयानं त्याचे पैसे मोजले, तर मग तो जावई कुठला? अन् मी ते घेतले तर मी कोण?

मी नोट घेतली. जास्तीचे पैसे परत दिले. सगळ्यांना विचारते तसं विचारलं, जेवण बरं झालं का?

बजरंगला अजून कळलं नव्हतं. ताठ मानेनं सुटे पैसे खिशात घालायला लागला. मामा मातर जागेवरच थांबले. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला अन् म्हणले, "बजरंग, सासुरवाडीत जेवून बिल देणारा जावई मी जन्मात पाहिला न्हाई. तू आपल्या हातानं सोयरीक तोडलीस. आता कुणाची बायको न्यायला आलास? चला, उठा." सासूबाई काहीतरी म्हणायला लागल्या. मामा म्हणले, वहिनी, तुमी बी जेवलात. मग फारकतीच्या कागदाचं काय ते कोर्टात करू असं दादाला सांगून ते जीपमधी जाऊन बसले.

दादा जेवला न्हाई. चपला घातल्या अन् पायीच फाट्याकडं गेला. त्याचं मला वाईट वाटायलंय.

मग मी तीच नोट गल्ल्यात टाकली अन् बाकडी पुसली.

बबिता


ॲमस्टरडॅम, विमानतळ
८ जानेवारी

बबे,

तुझं पत्र फरशीवर बसून वाचलं. 'वहिनी, तुमी बी जेवलात' इथं आले अन् मी अशी हसले की शेजारी झोपलेला गोरा उठून बसला. मास्तरीणबाईंनी काय झालं विचारलं. मी वाचून दाखवलं. मग त्यांनी सगळ्या सहलीला दाखवलं. घरातलं बोलणं बाहेर नको म्हणलं होतं मीच, पण आता झालंय ते झालंय. नागेश म्हणतो, मावशी, परतीच्या वाटेवर सगळ्यांना फाट्यावर जेवायचंय. त्याला म्हणलं, तिला आधी विचार.

मी मातर तुझ्यावर नाराज हाय. बुडापेस्टापासून बसमधी बसून एकेक शब्द जुळवला होता. लाकूड, मिशी, गुडघे, सगळं ओळीनं. मामाला असं बोलणार होते की त्यांनी चुडाव्यात परत बैठक घेतली नसती. ते सगळं आता मी कुणाला ऐकवू? इथल्या फरशीला? अन् खरं सांगायचं तर मी तिथं असते तर बजरंगला त्या बाकड्यावर बसूच दिलं नसतं. ताटाआधीच भांडण लावलं असतं. मग त्यानं बिल दिलं नसतं, अन् आपण अजून पुढची तारीख धरत बसलो असतो.

भागवतचं मनाला लावून घेऊ नको. मी त्याच्याकडं जाईन. आक्काला लेकरं न्हाईत म्हणला ना, त्याचं बघते. वैष्णवीला आत्यामुळं नाकारणारी माणसं असतील तर त्यांच्या घरात तिनं जाऊच नये, हे त्याला रागानं न्हाई, नीट समजावून सांगते. मला बी येतं तसं बोलायला. कधी केलं न्हाई तेवढंच.

विमान मिळालं. उद्या निघतो, हैदराबादला उतरून रेल्वेनं सेलू. घरी न जाता सरळ फाट्यावर येते. सुशीला चालू ठेव. माझ्यासाठी झाकून ठेव, हिकडं ब्रेड खाऊन जीभ मेलीय.

मी आले म्हणून गल्ल्यावरून उठू नको. हात बांधलेला हाय, मला तसं बी भाकरी थापता येणार न्हाई अन् पैसे मोजता येणार न्हाईत. मी बाकड्यावर बसते गिऱ्हाइकांत. तू वाढ, मी जेवते.

पण उठताना माझ्याकडून पैसे मागितलेस तर बघ.

तुझी आक्का
मालन